व्हिलनला माफ करायचं तर ज्याचं नुकसान झालं त्याला विचारा

मासुंदा_काठ (ठाणे)

स्पॉयलर आहेत: फायनल फॅन्टसी ६ आणि विचर ३ या व्हिडिओ गेमचे. खाली बाकीचे आणखी देतीलच, तेव्हा जपून वाचा.

रविवारी तलावपाळीला आमच्या ग्रुपमध्ये वाद पेटला आणि ऐरोलीवाल्यांना गाडी पकडायची होती म्हणून अर्धवट राहिला. वाद असा की फॅन्टसी आरपीजीमधल्या (एखादं पात्र होऊन खेळायच्या गेममधल्या) व्हिलनला काहीतरी दुखरा भूतकाळ हवाच का, आणि शेवटी त्याला न मारता बोलून वळवता यायला हवं का. बहुतेकांचं म्हणणं "हो". माझं उलटं आहे, ते इथे नीट लिहितो.

हल्ली साचाच झालाय. चाळीस तास गावं जाळत सुटलेला माणूस शेवटच्या लढाईआधी पाच मिनिटांच्या कटसीनमध्ये आपलं बालपण सांगतो. आई गेली, राजाने फसवलं, कुणी समजून घेतलं नाही. मग पडद्यावर दोन पर्याय येतात, मारा किंवा सोडा. "सोडा" दाबलं की संगीत हळवं होतं, तो मान खाली घालतो आणि आपण मोठ्या मनाचे ठरतो. जळलेल्या गावातला एकही माणूस तेव्हा तिथे नसतो. ज्याचं घर गेलं त्याला न विचारता मी माफी वाटतोय, आणि गेम मला त्यासाठी शाबासकी देतोय. हे मला मनापासून खटकतं.

व्हिलन कळतो तो त्याने मागे टाकलेल्या पडझडीतून. १९९४ चा फायनल फॅन्टसी ६ घ्या. त्यातला व्हिलन केफ्का अर्ध्या गेममध्ये जिंकतो. जग खरोखर फाटतं, नकाशा बदलतो, आपली माणसं चहूकडे पांगतात. वर्षभराने आपल्या गटातली सेलेस एका उजाड बेटावर शुद्धीवर येते. सोबत फक्त आजारी म्हातारा सिड. खेळणाऱ्याचं काम काय, तर किनाऱ्यावर जाऊन मासे पकडायचे आणि त्याला भरवायचे. चपळ मासा दिला तर तो सुधारतो, सुस्त मासे देत राहिलात तर एके दिवशी तुम्ही आत गेल्यावर तो उठतच नाही. तलवार नाही, जादू नाही, नुसतं त्या झोपडीत आत-बाहेर करायचं. केफ्काने काय केलं हे मला त्या माशांमुळे कळलं. पुढे मोब्लिझ गावात मोठी माणसं पोरांना वाचवताना मेलेली असतात आणि ती पोरं आपल्याच गटातल्या टेराला आई म्हणत असतात. केफ्काचं बालपण गेम सांगत बसत नाही. त्याची गरजच पडत नाही.

दुसरं उदाहरण विचर ३ मधलं. मुख्य व्हिलन एरेडिन. खेळलेल्या कुणालाही विचारा, त्याचं एक वाक्य आठवत नाही. ब्लडी बॅरन मात्र सगळ्यांना आठवतो. दारुडा, बायकोला मारणारा. त्याची बाजू आपण ऐकतो, कीवही येते. पण त्याला पदरात घ्यायचं की नाही हे गेराल्टच्या, म्हणजे आपण खेळतो त्या नायकाच्या, हातात नाही. त्याची मुलगी तामारा घर सोडून गेलेली आहे, तिला बापाचं तोंड पाहायचं नाही, आणि गेम तिला तसं वाटू देतो. माझा भाचा वर्तकनगरला हा भाग खेळत होता. बॅरनची कहाणी संपल्यावर तो म्हणाला, "मामा, वाईट वाटतंय, पण तामाराचंच बरोबर आहे ना?" पंधरा वर्षांच्या पोराला एकाच वेळी दोन्ही गोष्टी कळल्या. असं लिखाण हवं.

तर माझं म्हणणं: व्हिलनचं मन वळवणं हा फुकटचा डायलॉग ऑप्शन असू नये. माफ करायचं तर त्याचं काहीतरी मोल खेळणाऱ्याने द्यावं, आणि ज्यांचं नुकसान झालं त्यांना त्या शेवटात बोलू द्यावं.

ऐरोली_नाईटशिफ्ट

गाडी मिळाली, आता बोलतो.

केफ्का तुला आवडतो कारण त्याच्याशी वाद घालावा लागत नाही. त्याला काही नकोच आहे, सगळं मोडायचंय. अशा माणसाला मारताना हात कशाला थरथरेल? तू माशांचं सांगितलंस ते सुंदर आहे, मान्य, पण ते सेलेस आणि सिडचं सामर्थ्य आहे. केफ्का तिथे नुसता वादळासारखा आहे. वादळाला आपण व्हिलन म्हणत नाही.

मला विचारशील तर २००९ च्या ड्रॅगन एज ओरिजिन्समधला सेनापती लोगेन. ऑस्टागारच्या लढाईत ऐन वेळी सैन्य मागे घेतो, राजा केलान मरतो, ग्रे वॉर्डन (राक्षसांशी लढणारे योद्धे, आपणही त्यांच्यातलेच) जवळपास संपतात. पहिल्या काही तासांत तुझं रक्त उकळतं. मग कळत जातं की या माणसाने तरुणपणी ऑर्लेसच्या परक्या राजवटीविरुद्ध जंगलात राहून लढा दिला, देश सोडवला, आणि हा नवा राजा त्याच ऑर्लेसची मदत मागायला निघाला होता. त्याचं चुकलंच. पण त्याच्या जागी मी असतो तर काय केलं असतं हा प्रश्न सुटत नाही. तू ज्याला साचा म्हणतोस तो वाईट लिखाणाचा दोष आहे. भूतकाळ सांगण्याचा नाही.

आणि आपल्याकडे तरी हे नवं आहे का? पाडव्याला आई ओवाळताना काय म्हणते? "इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो." बळी असुरांचा राजा. वामनाने त्याला पाताळात घातलं, म्हणजे गोष्टीचा हिरो वामन. तरी शेतकऱ्याच्या घरात राज्य मागतात ते बळीचं. हरलेल्याची बाजू मनात ठेवायची सवय आपल्या रक्तात आहे, ती गेममध्ये आली तर मला आनंदच होतो.

घोडबंदर_रोड

लोगेनला मी प्रत्येक वेळी मारतो. देशभक्ती ठीक, पण त्यानेच एल्व्ह लोकांना गुलाम म्हणून टेव्हिंटर या परक्या देशाच्या व्यापाऱ्यांना विकायला परवानगी दिली. राजधानी डेनेरिममधल्या एल्व्हांच्या वस्तीतला तो भाग खेळून आल्यावर ज्याला त्याची बाजू दिसते त्याने पुन्हा एकदा त्या वस्तीत जाऊन यावं.

मासुंदा_काठ (ठाणे)

@ऐरोली, बळीचं उदाहरण घेऊ, पण पूर्ण घेऊ. बळीने कुणाची गावं जाळली म्हणून आपण त्याला आठवत नाही. तो दिलेल्या शब्दाला जागला म्हणून आठवतो. तिसरं पाऊल कुठे ठेवू विचारल्यावर त्याने स्वतःचं डोकं पुढे केलं. मोल त्याने स्वतः दिलं.

आणि लोगेन तर माझ्याच बाजूचा साक्षीदार आहे! लँड्समीटला (सरदारांच्या सभेत) त्याला हरवल्यावर तू सोडू शकतोस, ग्रे वॉर्डन करून घेऊ शकतोस. मग काय होतं? अ‍ॅलिस्टर, जो पहिल्या दिवसापासून तुझ्या खांद्याला खांदा लावून लढलाय, ज्याचा सावत्र भाऊ आणि गुरू दोघंही ऑस्टागारला मेले, तो तुझ्या तोंडावर सांगतो की या माणसाबरोबर मी उभा राहणार नाही, आणि आपला गट सोडतो. ज्याचं नुकसान झालं तो त्याच दालनात उभा आहे आणि बोलतोय. शेवटी आर्चडीमन या महाड्रॅगनला मारणारा वॉर्डन मरतो, तो घाव लोगेनला घालू देता येतो. हीच माफी मला हवी. तू आणि मी एकाच सीनवर प्रेम करतोय, फक्त कारणं वेगळी आहेत.

स्नेहल_नेरुळ

मोल, मोल, मोल. तुम्हा दोघांनाही शेवट म्हणजे शिक्षा वाटते का?

माझी मुलगी झोपली की रात्री साडेदहा ते बारा एवढाच वेळ मला मिळतो. बाल्डर्स गेट ३ संपवायला मला वर्षाचा बराचसा भाग लागला. इतके दिवस ज्या माणसांबरोबर काढले ती शेवटी कुठे गेली, हे मला पाहायचं असतं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये गेम आला तेव्हा शेवट फार घाईत गुंडाळला होता. आपली सोबतीण कारलॅक, तिच्या छातीतलं इंजिन तिला जाळणार हे आधीपासून माहीत होतं, पण धक्क्यावर ती जळते आणि आजूबाजूचे जणू कामाला निघालेत. लोकांनी ओरड केली. स्टुडिओने आधी कारलॅकसाठी नवा शेवट दिला, मग नोव्हेंबरच्या अखेरीस पाचव्या पॅचमध्ये (अपडेटमध्ये) सहा महिन्यांनंतरचा मेळावा दिला. सगळे एका शेकोटीभोवती जमतात, कोण काय करतंय सांगतात. माझ्यासाठी तोच खरा शेवट आहे. शेवटचा शत्रू नेदरब्रेन मेला तेव्हा मला काहीच वाटलं नव्हतं.

नरकचतुर्दशीला आपण कारीट फोडतो आणि नरकासुर मेला म्हणतो. पण गोष्ट पुढे आहे. त्याच्या कैदेतून सोळा हजार शंभर स्त्रिया सुटल्या आणि त्यांना घरी कोण घेणार हा प्रश्न उभा राहिला. कृष्णाला त्यांचं काहीतरी करावं लागलं. व्हिलन मेल्यावर खरं काम सुरू होतं, ते काम गेमने दाखवावं. त्यात आनंद असला तर असू दे. मेहनत केलेल्या माणसाला आनंद दाखवणं म्हणजे लेखकाने हार खाणं नव्हे.

मासुंदा_काठ (ठाणे)

ताई, पटलं. ज्यांचं नुकसान झालं त्यांना शेवटात जागा द्या म्हणतो तेव्हा मला हेच म्हणायचं होतं, तुम्ही ते जास्त नेमकं सांगितलंत. फक्त आनंदाआधीचा भागही बघा. त्याच गेममध्ये एम्परर नावाचा माइंड फ्लेयर (मेंदू खाणारा राक्षस) तुम्हाला सुरुवातीपासून वाचवत आलेला असतो, पण शेवटी तुम्ही कैदेतल्या राजपुत्र ऑर्फियसला सोडवायचं ठरवलंत की तो तुमच्याविरुद्ध जातो. एम्पररला धरून राहिलात तर ऑर्फियसचा जीव जातो. सोडवलंत तर कुणाला तरी, अगदी तुम्हालाही, माइंड फ्लेयर व्हावं लागतं. या गोष्टीमुळेच मेळाव्याला वजन येतं. काहीच न गमावता सगळे शेकोटीला जमले असते तर तुम्हालाही इतकं भरून आलं नसतं.

वाशी_खाडीपूल

तुमच्या वादात एक शक्यता सुटतेय: व्हिलनच नको.

२०२५ चा क्लेअर ऑब्स्क्युअर: एक्स्पिडिशन ३३ (मोठा स्पॉयलर). दरवर्षी पेंट्रेस एका शिळेवर आकडा रंगवते, त्या वयाची माणसं फुलांच्या पाकळ्यांसारखी विरून जातात. तिला मारायला मोहीम निघते. आणि मारल्यावर कळतं की ती आकडा लिहून सावध करत होती. मुलगा गेल्याच्या दुःखात ती आई त्याने रंगवलेल्या चित्रात राहायला आली आहे, आणि नवरा तिला बाहेर काढण्यासाठी ते चित्रच पुसायला निघालाय. शेवटी निवड मेल ही मुलगी आणि व्हर्सो यांच्यातली. एकाला हे जग संपवून घरच्यांना शोक करू द्यायचाय, दुसरीला आत राहायचंय. दोन्ही शेवट पाहिले, दोन्ही वेळा कुणीतरी मनापासून विनवत असताना मी त्याला नाही म्हणालो.

ज्या गडकऱ्यांच्या नावाने ठाण्यात रंगायतन उभं आहे त्यांच्या 'एकच प्याला'मध्ये मारायला समोर कोण आहे? तळीराम आहे, पण त्याला मारून सुधाकर वाचला नसता. लोक तो शेवट डोळे पुसत बघत आले. गेम खेळणाऱ्यांनाही तो झेपतो.

ऐरोली_नाईटशिफ्ट

झेपतो, पण व्हिलन नाही हे तुझं पटत नाही. तो नवरा, रेन्वार, त्याच्या हातून एक अख्खं शहर हळूहळू संपलं. दुःख होतं म्हणून तो व्हिलन नाही? मग मासुंदा म्हणतो तेच खरं व्हायचं.

कळवा_ते_ठाणे

एक साधी गोष्ट कुणीच बोललं नाही. मी निवडीआधी सेव्ह करतो, दोन्ही बाजू बघतो, जी आवडेल ती ठेवतो. अ‍ॅलिस्टर रागावून गेला? जुना सेव्ह लोड. कसलं मोल आणि कसलं काय. पुस्तकात पान उलटं फिरवून माणूस जिवंत होत नाही, गेममध्ये होतो. त्यामुळे तुम्ही सगळे ज्या वजनाबद्दल बोलताय ते गेममध्ये येऊच शकत नाही असं माझं मत आहे.

मासुंदा_काठ (ठाणे)

@कळवा, या धाग्यातला सर्वात अवघड मुद्दा हाच आहे.

पण त्याला उत्तरं शोधली गेली आहेत. २०१५ च्या अंडरटेलमध्ये आपल्याला सांभाळणाऱ्या टोरिएलला मारून, वाईट वाटून, मागे जाऊन तिला वाचवलंत तर फ्लाउई हे बोलणारं फूल तुम्हाला सांगतं की मला माहीत आहे तू काय केलंस. लोड करणं हाच गोष्टीचा भाग होतो. विचर ३ ने दुसरा रस्ता घेतला. गेराल्टची मानसकन्या सिरी जगते की नाही हे कुठल्याही शेवटच्या पर्यायावर ठरत नाही. गेराल्टचा गुरू वेसेमिर मेल्यावर ती खचलेली असते तेव्हा तिला दारू पाजायची की बर्फाचे गोळे फेकत खेळायचं, लॉज नावाच्या गटाच्या जादूगारणींना ती एकटी भेटेल की तुम्ही मध्ये बसाल, स्क्याल नावाच्या पोराच्या थडग्यावर तिच्यासोबत जाल की नाही, अशा गोष्टींवर ठरतं. परिणाम दिसेपर्यंत तुमचा सेव्ह कितीतरी मागे राहिलेला असतो.

स्नेहल_नेरुळ

आणि हे मला अन्यायाचं वाटलं होतं. बर्फाचे गोळे फेकले नाहीत म्हणून मुलगी परत येत नाही? आई म्हणून सांगते, एका संध्याकाळच्या चुकीवर असं काही ठरत नसतं. इंटरनेटवर यादी वाचेपर्यंत कुठे काय चुकलं ते कळलंच नव्हतं. मोल मागायचं तर ते कशाचं, हे माणसाला कळायला नको?

मासुंदा_काठ (ठाणे)

एका संध्याकाळवर ठरत नाही, ताई. अशा सगळ्या जागांचा मिळून हिशोब होतो, एखादी चुकली तरी चालतं. आणि सगळीकडे प्रश्न एकच विचारलाय: तिच्यावर विश्वास ठेवणार की तिला सांभाळून ठेवणार? लॉजच्या बैठकीत तिच्या बाजूला बसलात तर तुम्ही तिला सांभाळलंत. दाराबाहेर थांबलात तर विश्वास ठेवलात. म्हणून मला तो शेवट एरेडिनच्या लढाईपेक्षा शंभर पटींनी मोठा वाटतो. त्यात व्हिलनचं काही कामच नाही.

स्नेहल_नेरुळ

हे आधी कुणी असं सांगितलं नव्हतं. मी लॉजच्या बैठकीत तिच्या बाजूला बसले होते, आणि आत्ताही बसेन असं वाटतंय. गेमला ते चूक वाटत असेल तर त्या बाबतीत माझं गेमशी पटत नाही.

ऐरोली_नाईटशिफ्ट

स्नेहलताईंना माझं मत. बाकी लोगेनबद्दल रविवारी पुन्हा बोलू, @घोडबंदरने गुलामांच्या व्यापाराचं जे काढलंय त्याला माझ्याकडे अजून उत्तर नाही. डेनेरिमचा तो भाग या आठवड्यात परत खेळून येतो.