तरुण संघानं नेपाळला सेवेला जावं का? की आधी मेळघाट?

परतवाडा_सिस्टर
जय ख्रिस्त, नमस्कार. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या तरुण संघाचं नेपाळला दोन आठवड्यांच्या मिशन ट्रिपला जायचं चाललंय अन त्यावरून घराघरात वाद सुरू आहे. पाळकसाहेब म्हणतात जा, बरेच जण म्हणतात इथं काय कामं कमी आहेत का. माझं मत, जावं. पण जाणाऱ्याच्या हातात काहीतरी कसब पायजे. गाणी म्हणायची, लेकरांना चॉकलेट वाटायचे, फोटो काढून परत यायचं, याला मी सेवा म्हणणार नाही.

मी कुष्ठरोग्यांच्या पायाचं काम करते. अचलपूरजवळ कोठाऱ्याला लेप्रसी मिशनचा दवाखाना आहे म्हणून आमच्या भागात हे काम बऱ्याच जणांना माहीत आहे, बाकीच्यांसाठी सांगते. गोळ्यांनी जंतू मरतो, 1995 पासून एमडीटी, म्हणजे या रोगाच्या औषधांचा एकत्र कोर्स, जगभर फुकट मिळते, पण रोगानं मेलेली नस परत येत नाही. पाय बधिर तो बधिरच. चपलेत खडा गेला तरी माणूस दिवसभर चालतो कारण दुखतच नाही, अन मग जखम हाडापर्यंत जाते. म्हणून रोज पाय पाहायचा, साध्या पाण्यात वीसेक मिनिटं भिजवायचा, कडक कातडी घासायची, ओल्या पायालाच तेल लावायचं, एमसीआरची, म्हणजे खास मऊ रबराची चप्पल घालायची. मी पाय घासून झाला की हाताची मागची बाजू तळव्यावरून हळूच फिरवते, एखादी जागा गरम लागली तर वरून काही दिसत नसलं तरी आतून जखम सुरू झालेली असू शकते. हे वाचून येत नाही, कोणाच्या तरी बाजूला बसून शिकावं लागते.

काठमांडूच्या दक्षिणेला लेले गावात आनंदबन म्हणून कुष्ठरोगाचा दवाखाना आहे, 1957 पासूनचा, तोही लेप्रसी मिशनचाच. अशा एखाद्या ठिकाणी, तिथल्याच सिस्टरच्या हाताखाली, ती सांगेल ते काम करायला आपल्या पोरापोरींनी जावं. तुमचं काय मत?

धारणीचा_मास्तर
सिस्टर, तुमच्या कामाबद्दल मनापासून आदर आहे पण मला हे पटत नाही. परतवाड्याहून सेमाडोहचा घाट चढला की मेळघाट सुरू होते, त्यासाठी नेपाळच्या वाटेवरची गोरखपूरची गाडी धरायची गरज नाही. 1993 ला इथल्या बालमृत्यूंच्या बातम्या देशभर गेल्या, तेव्हापासून किती योजना आल्या, अजूनही आमच्या अंगणवाडीत वजनाच्या कार्डावर लेकरू लाल रेषेखाली गेलेलं दिसते. दिवाळी झाली की माझा अर्धा वर्ग आईबापासोबत मजुरीला निघून जाते अन होळीला वापस येते, वापस आलेल्या लेकरांची हाडं मोजता येतात. तुमची पोरं इथं येऊन राहिली तर त्यांना भाषेचीही अडचण नाही, कोरकू लोक मोडकीतोडकी मराठी-हिंदी बोलतात. आधी घरचं बघा, मग सीमेपलीकडचं.

वऱ्हाडी_कास्तकार
मास्तरचं बरोबर हाय. अन ताई मले हे सांगा, पैसा कोणाचा? तुमच्या मंडळीत कापूस येचणाऱ्या बायाच जास्त हायेत ना, त्याइनं कमाईतून चर्चले देल्ला दशमांश ह्या कामात जाऊन राह्यला असंन तर ते मले बिलकुल पटत नाही. दुसरं म्हंजे ह्या ट्रिपवाल्यायले भितीले रंग देतानी पाह्यलं हाय मी फोटोत. आरे तिथं गवंडी नाही का, रंगारी नाही का, त्याले रोजी द्या ना राजेहो, त्याचं घर चालंन!

परतवाडा_सिस्टर
कास्तकार भाऊ, भिंतीच्या बाबतीत शंभर टक्के तुमच्या बाजूनं. पैशाचं सांगते, जो जाईल तो स्वतःच्या खर्चानं, बायांच्या दशमांशाला हात लावायचा नाही असं मी तरुण संघाच्या बैठकीत सगळ्यांसमोर बोलले आहे. नागपूरहून रेल्वेनं गोरखपूर, तिथून सोनौलीची सीमा, पुढं बस. आपल्याला तिथं व्हिसा लागत नाही.

मास्तर, मेळघाट जवळ आहे हे खरं. पण माझ्या हातात जे काम आहे ते कुष्ठरोगाचं, अन शिकायला बाहेर जावंच लागते. बाबा आमटे कलकत्त्याला ट्रॉपिकल मेडिसिनच्या स्कूलमधे कुष्ठरोगाचं शिकायला गेले होते, मग त्याचा उपयोग वरोऱ्यालाच झाला ना.

कायद्याचं_बोला
सगळे भावनेनं बोलताय, मी जरा कडू बोलतो. नेपाळच्या 2015 च्या संविधानात कलम 26 आहे, दुसऱ्याचं धर्मांतर करायला बंदी. 2018 ला जी नवीन फौजदारी संहिता लागू झाली त्यात पाच वर्षांपर्यंत कैद अन पन्नास हजारांपर्यंत दंड आहे, परदेशी माणूस असेल तर शिक्षा भोगल्यावर देशाबाहेर. हे पोरांना कोणी सांगितलंय का? पिशवीत पत्रकं सापडली तर इथून कोण सोडवायला जाणार? अन चांगला हेतू असून पण काय होते ते हैतीत दिसलं, 2010 च्या भूकंपानंतर अमेरिकेच्या बाप्टिस्ट लोकांचा एक गट 33 लेकरं कागदपत्रांशिवाय सीमेपार नेताना पकडला गेला, अनाथ म्हणून नेत होते अन त्यातल्या कित्येकांचे आईबाप जिवंत निघाले. गरिबाच्या दुखण्याचा फायदा घेऊन देव बदलवणं मला मान्य नाही, स्पष्ट सांगतो.

परतवाडा_सिस्टर
कायदा सांगितला ते चांगलं केलं, हे सगळं तरुण संघात वाचून दाखवीन. पत्रकं न्यायची नाहीत.

पण श्रद्धेचं मी लपवणार नाही. मी हे काम करते ते येशूनं शिष्यांचे पाय धुतले म्हणूनच करते, कोणी विचारलं तर हेच सांगीन, इथंही सांगते. मात्र माणूस माझ्या हातात पाय देऊन बसलेला असताना मी त्याला धर्माचं काही बोलत नाही, कधीच नाही. त्याला उठून जाता येत नाही अशा वेळी बोलणं म्हणजे जबरदस्तीच. ज्याला हे पाळता येत नाही त्यानं जाऊ नये, मग तो किती का प्रार्थना करणारा असेना.

गुरुदेवभक्त_मोझरी
मी ख्रिश्चन नाही, तरी सिस्टरच्या बाजूनं बोलतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज 1955 ला जपानला विश्वधर्म परिषदेला गेले होते. तेव्हा त्यांच्या आश्रमाच्या मोझरीत काय सगळी कामं संपली होती का? माणूस बाहेर जाऊन येते तर गावाला देण्यासारखं काही घेऊन येते. मास्तर, तुमचं दुःख खरं आहे, पण मेळघाटची जबाबदारी सरकारची पहिली, ती ह्या चारदोन पोरांच्या डोक्यावर का टाकता?

सीताबर्डीचा_जुना
माझा आक्षेप दिवसांवर आहे. मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1845 ला नागपूरला आले, इथली भाषा शिकले, शाळा काढली, गोंड लोकांमधे फिरून त्यांची गाणी-कथा लिहून घेतल्या अन 1863 ला टाकळघाटहून परतताना पाण्यात वाहून गेले. त्यांच्या धर्मकार्याबद्दल कोणाचं काही मत असो, तो माणूस इथला झाला. दोन आठवड्यांत तुम्ही नेपाळी माणसाला 'कुठं दुखतं' एवढंही त्याच्या भाषेत धड विचारू शकणार नाही, अन तिथल्या सिस्टरचा अर्धा वेळ तुम्हाला सांभाळण्यात जाईल.

परतवाडा_सिस्टर
काका, हा मुद्दा सगळ्यात वजनदार आहे. तळव्याची जखम प्लास्टर घालून भरायलाच कित्येक आठवडे लागतात, दोन आठवड्यांवाल्याला ती भरलेली दिसणारच नाही. म्हणून मी आता बैठकीत हेच लावून धरणार, पूर्ण संघ नको, दोघंतिघंच जा पण काही महिने राहा, जायच्या आधी नेपाळी शिका अन इथल्या दवाखान्यात पाय घासायला बसा. ज्याला इथं किळस येते त्याला तिथंही येणार.

धारणीचा_मास्तर
मोझरीवाले भाऊ, सरकार सरकार करत तीस वर्षं गेली, लेकरू थांबत नाही. सिस्टर, दोघंतिघं अन काही महिने हे आधीपेक्षा बरं आहे, तरी माझं मत तेच, आधी इकडं. आमच्या गावात एक म्हातारा आहे, दोन्ही पाय बधिर, फाटक्या स्लीपरमधे फिरतो, पीएचसीतून गोळ्यांचा कोर्स कधीचाच झाला पण पाय कसा सांभाळायचा ते कोणी दाखवलं नाही. नेपाळचं ठरेल तेव्हा ठरेल, त्याच्यासाठी कधी येता ते सांगा.

परतवाडा_सिस्टर
येत्या रविवारी उपासना झाली की निघते, संघातल्या दोघांना सोबत आणते. त्याच्या पावलाचं माप कागदावर पेन्सिलनं काढून पाठवा, चप्पल घेऊन येते. अन तुमच्या आशाताईंना बसवून ठेवा, मी गेल्यावर रोज पाय कोण बघणार ते तिथंच ठरवू. नेपाळला जायचं मात्र मी सोडलेलं नाही मास्तर.