शिंतो धर्मात नेमके काय मानतात?

पाऊलवाट (प्रश्न):
पुढच्या वसंतात जपानमध्ये क्योतोला जाणे होणार आहे, म्हणून तिथल्या शिंतो धर्माविषयी वाचायला घेतले. परंतु संस्थापक कोण, धर्मग्रंथ कोणता, मोक्षाची कल्पना काय, या प्रश्नांना कुठेच सरळ उत्तर मिळेना. ‘कामी’ म्हणजे देव असे समजावे का? आणि तीच माणसे बौद्धही कशी असतात?

जुनेपान:
संस्थापक नाही, एकमेव प्रमाणग्रंथही नाही. इ. स. ७१२ मधील ‘कोजिकी’ आणि ७२० मधील ‘निहोन शोकी’ यांत इझानागी-इझानामी या दांपत्याच्या व सूर्यदेवता आमातेरासूच्या कथा येतात, पण त्या नित्य पारायणाच्या पोथ्या नव्हेत. कामीला देव म्हणायला हरकत नाही, फक्त सर्वशक्तिमान ईश्वर डोळ्यांपुढे आणू नये. ज्याच्यापुढे माणूस आपोआप नमतो असा डोंगर, धबधबा, जुनाट वृक्ष, इतकेच काय, हद्दपारीत ९०३ साली वारलेला सुगावारा नो मिचिझाने हा विद्वानही कामी होतो. आज परीक्षार्थी मुले त्याला साकडे घालतात. नाराजवळच्या ओमिवा देवस्थानात तर गाभाराच नाही, कारण मागचा मिवा डोंगर हाच तिथला देव.

ओंजळ:
मला वाटते, ‘काय मानतात’ यापेक्षा ‘काय करतात’ हे पाहिल्यास शिंतो लवकर उमगतो. मुख्य कल्पना ‘केगारे’ची, म्हणजे जवळजवळ आपल्या विटाळाची, मृत्यू, रक्त, रोगराई यांनी तो लागतो आणि शुद्धीने जातो. म्हणून तोरी, म्हणजे देवस्थानाची कमान, ओलांडल्यावर आधी पाण्याचे कुंड लागते. उजव्या हाताने पळी धरून डावा हात धुवायचा, मग डाव्या हाताने उजवा. डाव्या तळव्यावर पाणी घेऊन चूळ भरायची (पळीला तोंड लावायचे नाही), आणि शेवटी पळी उभी धरून उरलेल्या पाण्याने तिचा दांडा धुवायचा, कारण पुढच्या माणसालाही ती स्वच्छच मिळायला हवी. देवापुढे दोनदा वाकून नमस्कार, दोन टाळ्या, पुन्हा एक नमस्कार. इझुमोच्या देवस्थानात मात्र टाळ्या चार. आमातेरासूचे इसे येथील मंदिरही दर २० वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर नव्या लाकडात उभारतात. अलीकडचे २०१३ मध्ये झाले.

जुनेपान:
बौद्ध धर्माचे राहिले. हजारभर वर्षे दोन्ही एकाच आवारात नांदले. १८६८ मध्ये सम्राट मेइजीच्या नव्या सरकारने त्यांना हुकूम काढून वेगळे केले आणि शिंतोला राज्यसत्तेशी जोडले, तो संबंध डिसेंबर १९४५ मध्ये तुटला. घरोघरी मात्र बाळाला देवदर्शनाला शिंतो मंदिरात नेतात आणि अंत्यविधी बहुधा बौद्ध भिक्षूकडून करवतात, कारण मरणाचा विटाळ कामीला चालत नाही. बौद्धांबरोबर गेलेली आपली सरस्वतीही तिथे ‘बेन्झाइतेन’ होऊन दोन्हींकडे पुजली जाते.

ओंजळ:
क्योतोत फुशिमी इनारीच्या मंदिरात जाणारच असाल, तर तिथले कोल्हे हे देव नसून इनारी या भातशेतीच्या कामीचे दूत आहेत, एवढे ध्यानात ठेवा. डोंगर चढताना लाल तोरींच्या रांगेत मागे वळून पाहा: खांबांवर देणगीदाराचे नाव आणि तारीख लिहिलेली असते, आपल्याकडे देवळाच्या पायरीवर असते तशीच.