मदत हवी आहे: लॅनची (घरातल्या नेटवर्कची) वायर जोडली की तानपुऱ्याखाली घरघर येते

नमस्कार मंडळी,

वडिलांनी जमवलेल्या खासगी बैठकांच्या कॅसेट मी गेली दोन वर्षं संगणकावर उतरवतोय. आता काम संपलं. त्यांना हल्ली ऐकू कमी येतं, पण तानपुरा सुरात आहे की नाही हे अजून लगेच कळतं. घरघर आधी पकडली तीही त्यांनीच. मला म्हणाले, "खाली कुणीतरी उतरलेला पंचम धरून बसलंय."

फोनवरच्या अ‍ॅपने तपासलं तर आलेखात १०० हर्ट्झला ठळक खांब. ती बैठक काळी एकची (हार्मोनियमची पहिली काळी पट्टी हा सा), म्हणजे खर्ज साधारण ६९ हर्ट्झ आणि त्यावरचा पंचम १०४. आपली वीज ५० हर्ट्झची, तिची दुप्पट १००. वडील बरोबर सांगत होते. कॅसेटमधलाच दोष असेल असं आधी वाटलं, पण गाणं थांबवलं तरी घरघर चालूच राहते.

मांडणी अशी आहे. हॉलमध्ये राऊटर, त्याला गाण्यांची हार्ड डिस्क. तिथून भिंतीतल्या पाइपातून १२ मीटर कॅट ६ (नेटवर्कची) वायर आतल्या खोलीत येते. खोलीत रास्पबेरी पाय ४ (छोटा संगणक, पुढे नुसता 'पाय'), त्याला यूएसबीने डॅक (डिजिटल गाण्याचा अ‍ॅनालॉग सिग्नल करणारी पेटी), डॅकमधून आरसीए वायरीने अ‍ॅम्प्लिफायर. अ‍ॅम्प्लिफायरला तीन पिनांचा प्लग आहे, अर्थिंगसकट. इंटरनेट घरात फायबरने येतं.

आतापर्यंत केलेले प्रयोग:

लॅनची वायर उपटली की पूर्ण शांतता. तेच गाणं पेन ड्राइव्हवरून लावलं, तानपुरा स्वच्छ. पाय पॉवर बँकेवर चालवला, पण वायर जोडताच घरघर परत. वायफायवर घरघर नाही, मात्र आमच्या जाड भिंतींमुळे गाणं मध्येच तुटतं, आणि विलंबित ख्यालात ते सहन होत नाही.

दुकानदार खास ऑडिओसाठीचा नेटवर्क स्विच घ्या म्हणतोय. किंमत अ‍ॅम्प्लिफायरच्या निम्मी आहे. घ्यावा का? खरं कारण कळलं तर फार बरं होईल.

प्रतिसाद

स्विच अजिबात घेऊ नका. आधी दोन गोष्टी सांगा. भिंतीतल्या वायरीचे प्लग धातूचे आहेत की प्लास्टिकचे? आणि राऊटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस आहे का? असेल तर घरघर चालू असताना त्याचा प्लग भिंतीतून काढा, म्हणजे राऊटर बॅटरीवर चालेल. काय ऐकू येतं ते कळवा.

धागाकर्ता

प्लग धातूचे आहेत. इलेक्ट्रिशियनने "भारीतली" शिल्डेड वायर (तारांभोवती धातूचं आवरण, म्हणजे शिल्ड, असलेली) टाकली होती. यूपीएस आहे. त्याचा प्लग काढला आणि घरघर त्याच क्षणी थांबली! पुन्हा लावला, पुन्हा आली. चार वेळा करून बघितलं.

प्रतिसाद

मग चोर सापडला. दोन पिनांच्या अ‍ॅडॅप्टरमध्ये गोंगाट दाबायला एक छोटा कपॅसिटर असतो. त्यातून किंचित करंट सतत पलीकडे गळतो. असं उपकरण धातूचं असेल तर कधीकधी हाताला झिणझिण्या येतात, त्या याच गळतीच्या. या करंटला अर्थिंगपर्यंत जायला वाट हवी असते. तुमच्या घरात ती वाट अशी झाली आहे: राऊटर, वायरीचं शिल्ड, पाय, यूएसबी, डॅक, आरसीएची जाळी, अ‍ॅम्प्लिफायर आणि मग तीन पिनांतली अर्थ. आरसीएची जाळी हीच सिग्नलची परतीची वाटही आहे. तिच्यावर पडलेला काही मिलिव्होल्टचा फरकसुद्धा अ‍ॅम्प्लिफायरला गाण्याचाच भाग वाटतो.

गाण्याच्या डेटाला यात काहीही होत नाही. पॅकेट खराब झालं तर ते पुन्हा मागवलं जातं. बिघाड होतो तो डॅकच्या पुढे, अ‍ॅनालॉग बाजूला.

इथरनेटच्या, म्हणजे लॅनच्या, प्रत्येक पोर्टमध्ये मुळातच ट्रान्सफॉर्मर असतात, १५०० व्होल्टच्या चाचणीला टिकणारे. सिग्नलच्या आठ तारांना ते वेगळं ठेवतात. पण शिल्ड या ट्रान्सफॉर्मरला वळसा घालून थेट जातं. म्हणून घरात साधी यूटीपी (शिल्ड नसलेली) वायर बरी, असं माझं स्पष्ट मत आहे.

भिंत फोडू नका. खोलीच्या टोकाला प्लास्टिकचा कपलर (दोन वायरी जोडणारा तुकडा) लावा आणि तिथून पायपर्यंत प्लास्टिक प्लगची साधी पॅच कॉर्ड (छोटी लॅन वायर). शिल्ड तिथे तुटेल. तरी काही उरलं तर दोन मीडिया कन्व्हर्टर (लॅनचा सिग्नल प्रकाशात आणि परत बदलणाऱ्या डब्या) आणि मध्ये ऑप्टिकल फायबर. काचेतून करंट जात नाही.

आणि कळकळीची विनंती: घरघर घालवायला अ‍ॅम्प्लिफायरची अर्थ पिन कुणी कितीही सांगितलं तरी काढू नका. आत वायर सुटून चॅसिसला लागली तर जीव वाचवणारी तीच एक गोष्ट आहे.

धागाकर्ता

कपलर आणि एक मीटर पॅच कॉर्ड आणली. घरघर गेली, १०० हर्ट्झचा खांबही दिसत नाही. वडिलांना न सांगता तीच बैठक लावली. त्यांनी डोळे मिटले आणि मध्यलय सुरू होईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मनापासून आभार.

एक शेवटची शंका. ध्वनी एकदम वाढवून स्पीकरला कान लावला की बारीक शिट्टी येते, ८ किलोहर्ट्झच्या आसपास. लॅन काढली तरी येते.

प्रतिसाद

ती यूएसबीची. तिथे डेटा सेकंदाला ८००० वेळा सुटतो, त्याचीच ती शिट्टी. बसल्या जागी ऐकू येत नसेल तर तूर्त सोडून द्या. येत असेल तर डॅकला ऑप्टिकल इनपुट आहे का ते बघून सांगा.