मंद एमएओए म्हणजे गुन्हेगार नव्हे

'एमएओए जनुक मंद असेल तर माणूस गुन्ह्याकडे वळणारच' हे विधान मला अजिबात पटत नाही. त्यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाली आहे. 1993 मध्ये संशोधक ब्रुनर यांनी अभ्यासलेल्या डच कुटुंबातल्या काही पुरुषांत एका उत्परिवर्तनामुळे या जनुकातून बनणारं, मेंदूतली सेरोटोनिनसारखी संदेशवाहक रसायनं मोडणारं विकर (एन्झाइम) पूर्णच बंद पडलं होतं. असं फार क्वचित घडतं. मंद प्रकार निराळा: जनुकाच्या नियंत्रक भागात डीएनएच्या 30 अक्षरांचा तुकडा चारऐवजी तीनदा येतो आणि विकर कमी बनतं. युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण तिघांत एकाकडे हा प्रकार असतो. ते सगळे गुन्हेगार आहेत का? न्यूझीलंडमधल्या डनेडिनच्या 2002 च्या अभ्यासात मंद प्रकाराला लहानपणच्या छळाची जोड होती, तिथेच धोका ठळक वाढलेला दिसला.

'सेरोटोनिन वाढलं की नीतिमत्ता वाढते' असं म्हणाल, तर 2010 मध्ये संशोधक क्रॉकेट यांच्या प्रयोगात सिटालोप्राम या सेरोटोनिनचा प्रभाव वाढवणाऱ्या नैराश्यावरच्या औषधाच्या 30 मिग्रॅच्या एकाच डोसनंतर, पाच जणांना वाचवण्यासाठी एकाला स्वतःच्या हाताने ढकलणं लोकांना जास्त अमान्य वाटलं. सहवेदना मुळात जास्त असलेल्यांत हा परिणाम अधिक होता. म्हणजे इजा करण्याचा तिटकारा वाढला. 'नीतिमत्ता वाढली' असं त्यावरून म्हणता येत नाही.