शब्दचर्चा: मुक्त, मोफत, खुलं, परवाना... बोर्डावर मराठीत नेमकं काय छापायचं?

सर्किटवाला, नागपूर:
नमस्कार मंडळी, प्रश्न शब्दांचाच आहे पण त्याच्यामागे धंद्याचाही प्रश्न आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी नोकरी सांभाळून संध्याकाळी घरी छोटे इलेक्ट्रॉनिक बोर्ड बनवतो, संत्र्याच्या बागेत जमिनीतली ओल मोजायची आणि ठिबकचा व्हॉल्व्ह चालू-बंद करायचा एवढंच त्याचं काम. काटोल-नरखेडकडचे ओळखीचे शेतकरी घेतात, त्यांनी कोणाला सांगितलं तर अजून दोन-चार बनवतो, असं चालू आहे. आता मला त्याचं सर्किट, पीसीबीच्या (ज्यावर सुटे भाग बसवतात त्या छापील पाटीच्या) फायली, आतला प्रोग्राम सगळंच लोकांसमोर ठेवायचं आहे, कारण उद्या बोर्ड जळला आणि मी हाताशी नसलो तरी गावातल्या आयटीआय केलेल्या पोराला तो उघडून दुरुस्त करता आला पाहिजे, ही मनापासूनची इच्छा आहे.

माहितीपत्रकावर मी 'मुक्त स्रोत हार्डवेअर', म्हणजे इंग्रजीतलं ओपन सोर्स हार्डवेअर, असं लिहिलं. तर एक काका म्हणाले, "मुक्त आहे तं पैसे कायचे घेऊन राहिला बाप्पा?" आणि त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. शिवाय 'स्रोत' म्हटलं की बागायतदाराला पाण्याचा स्रोत आठवतो, विहीर-बोअर.

दुसरं म्हणजे एका मित्राचं म्हणणं, कोणी व्यापारी उचलून शंभर बोर्ड छापेल आणि निम्म्या भावात विकेल, म्हणून 'फक्त अव्यावसायिक वापरासाठी' असं लिहून टाक. ते लिहावं की नाही, आणि लायसन्सला 'परवाना'च म्हणायचं का, हे दोन्ही सांगा.

शब्दसखी:
छान विषय काढलात. इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दात फुकट आणि स्वतंत्र असे दोन्ही अर्थ बसतात, म्हणून फ्री सॉफ्टवेअर चळवळ सुरू करणारे रिचर्ड स्टॉलमन वर्षानुवर्षं समजावत आले की इथे किमतीबद्दल नाही, स्वातंत्र्याबद्दल बोलणं चाललंय. आपल्याकडे ही अडचण यायला नको होती, कारण फुकट, मोफत, विनामूल्य, निःशुल्क हे शब्द वेगळे आणि 'मुक्त' वेगळा. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे, तिथे फी भरावी लागते हे सगळ्यांना माहीत आहे आणि 'मुक्त आहे तर फी कशाला' असं कोणी विचारत नाही. मुक्तछंदही तसाच, बंधन नाही एवढाच अर्थ.

पण मग काकांना तसं का वाटलं? मला वाटतं घोळ समासात आहे. 'मुक्त' पुढे आला की मोकळा, बंधन नसलेला. तोच मागे लागला की टोलमुक्त, करमुक्त, कर्जमुक्त, म्हणजे अमुक द्यावं लागत नाही. पेपरात रोज दिसतो तो हा दुसरा 'मुक्त', आणि कानात तोच बसलेला असतो. विद्यापीठाच्या बाबतीत तसं होत नाही कारण ते नाव अख्खंच ओळखीचं आहे. तुमच्या पत्रकात 'मुक्त' एकटा उभा राहिला आणि शेजारी किंमत छापलेली, मग माणूस गोंधळणारच.

मी 'खुलं' सुचवेन. खुली निविदा, खुलं अधिवेशन, खुली चर्चा, यात कुठेच फुकटपणाचा वास नाही, सगळ्यांना आत यायची मुभा आहे एवढंच कळतं. आणि 'स्रोत' तर मी काढूनच टाकीन. सॉफ्टवेअरमध्ये सोर्स म्हणजे लिहिलेला कोड, तिथे स्रोत कसाबसा चालला, हार्डवेअरमध्ये ज्याला सोर्स म्हणतात तो म्हणजे नकाशा, आराखडा. 'खुला आराखडा' म्हटलं की काय खुलं आहे तेही कळतं.

बर्डीकर:
ताई, 'खुला आराखडा' एकदम बरोबर, पण नुसतं 'खुलं हार्डवेअर' नागपुरात लिहू नका, आमच्याकडे खुल्लं म्हणजे सुटं. खुल्लं तेल, खुल्ले पैसे. बर्डीच्या बाजारात 'खुल्ला माल' म्हणाल तं बिनखोक्याचा, बिनगॅरंटीचा असं समजून घेतील आणि भाव पाडतील. आराखडा जोडलेला राहू द्या, मंग काही अडचण नाही.

सर्किटवाला:
'खुला आराखडा' मला पटला. आता परवान्याचं सांगा, आणि मित्राच्या त्या ओळीचं.

कागदपत्र:
माझं रोजचं काम याच कागदांचं आहे म्हणून लिहितो, थोडं लांबेल.

परवाना हा फारसीतून आलेला शब्द आणि मराठीत तो वरून मिळणारी गोष्ट म्हणून रुळलाय. दुकानाचा परवाना, बंदुकीचा परवाना, खतं-बियाणं विकायचा परवाना. सरकार देतं, आपण अर्ज करतो, नूतनीकरण करतो. त्यामुळे शेतकऱ्याने बोर्डावर 'परवाना' वाचला की त्याला वाटतं हे वापरायला कुठलासा कागद काढावा लागेल, किंवा सरकारने या यंत्राला मान्यता दिलीय. दोन्ही चूक. इथे मालक स्वतः म्हणतोय की माझं हे काम घ्या, बदला, बनवा, विका, फक्त अमुक अटी पाळा. त्याला 'परवानगी' हा साधा शब्द पुरतो. कायदेशीर मजकुरात 'परवाना' राहू द्या, पत्रकात 'या अटींवर परवानगी आहे' असं लिहा.

पण परवानगी कशाची देताय हे आधी ठरलं पाहिजे, आणि घरी यंत्रं बनवणारे छोटे मेकर नेमके इथेच अडकतात, कारण एका बोर्डात तीन-चार वेगळे हक्क असतात. तुमचा प्रोग्राम आणि सर्किटचं रेखाटन यावर प्रताधिकार आहे, १९५७च्या कायद्याने तो आपोआप मिळतो, नोंदणी सक्तीची नाही. पण प्रताधिकार रेखाटनावर आहे, सर्किट जे काम करतं त्यावर नाही. ओल कमी झाली की व्हॉल्व्ह उघड, ही कल्पना कोणीही स्वतःच्या हाताने नव्याने काढून बनवू शकतो आणि तुम्ही त्याला अडवू शकत नाही. काम करण्याच्या पद्धतीवर हक्क पाहिजे तर तो पेटंटचा, सरकारी मराठीत 'एकस्व', आणि त्यासाठी गोष्ट नवी असावी लागते, तुम्हीच आधी सगळं जाहीर केलंत तर नवी राहत नाही. प्लास्टिकच्या डबीचा दिसणारा आकार २०००च्या डिझाइन कायद्यात येतो, तिथेही नोंदणीआधी प्रसिद्ध केलं की हक्क गेला. आणि नोंदवण्याजोगं डिझाइन नोंदवलंच नाही, तर कारखानदारी पद्धतीने त्याच्या पन्नासच्या वर प्रती निघाल्यावर त्याचा प्रताधिकारही संपतो, हे कलम १५मध्ये आहे आणि बहुतेक मेकर लोकांना ते ठाऊक नसतं.

राहिलं नाव. बोर्डाचं नाव आणि चिन्ह हे व्यापारचिन्ह, आणि ते आराखडा खुला केल्याने हातचं जात नाही. शिकणाऱ्यांसाठीच्या प्रोग्राम करता येणाऱ्या बोर्डांचं, आर्डुइनोचं उदाहरण बघा, २००५मध्ये इटलीत सुरू झालं, बोर्डांचे आराखडे खुले, जगभर त्याच्या नकला निघाल्या आणि त्या कायदेशीर आहेत, पण त्या नकलेवर 'आर्डुइनो' हे नाव छापता येत नाही. तुमच्या मित्राच्या भीतीवरचा खरा उपाय मला हा वाटतो. व्यापाऱ्याने शंभर बोर्ड छापले तरी तुमच्या नावाने विकू नयेत. बौद्धिक संपदेचं प्रशिक्षण देणारी केंद्र सरकारची राष्ट्रीय संस्था आपल्याच नागपुरात सिव्हिल लाइन्समध्ये आहे, एकदा जाऊन समजून घ्याच.

'फक्त अव्यावसायिक वापरासाठी' मात्र लिहू नका असं माझं ठाम मत आहे. एक तर ते लिहिलं की ओपन सोर्स हार्डवेअरच्या सर्वमान्य व्याख्येत तुमचा बोर्ड बसत नाही, कारण विकायची मोकळीक हा त्या व्याख्येचा भागच आहे, ओश्वाचं, म्हणजे ओपन सोर्स हार्डवेअरच्या संघटनेचं, प्रमाणपत्रही मिळणार नाही. दुसरं, ज्याला नक्कल करायची तो नव्याने रेखाटून करेल. अडेल तो गावातला दुरुस्तीवाला, कारण दोनशे रुपये घेऊन बोर्ड दुरुस्त करणं हा व्यवसाय नाही तर काय? ज्या पोरासाठी तुम्ही हे सगळं खुलं करताय त्याच्याच दारात तुम्ही कुलूप लावताय.

शब्दसखी:
शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा. 'अव्यावसायिक' शब्दाचा दुसरा त्रास म्हणजे मराठीत तो शिवीसारखाही वापरतात, 'किती अव्यावसायिक वागला तो'. 'विक्रीसाठी नाही' म्हणावं तर दुरुस्तीचं काय ते कळत नाही. जो शब्द लिहिल्यावर कोणाला काय मनाई आहे हेच सांगता येत नाही तो न लिहिलेला बरा.

आता कॉपीलेफ्टचं काय करायचं? म्हणजे तुम्ही बदल करून पुढे दिलंत तर तेही याच अटींवर खुलं ठेवा, ही अट. 'समान वाटप' असं एक भाषांतर मी वाचलंय, ते वाचून वाटतं की बोर्डाचे तुकडे सारखे वाटायचे आहेत.

कागदपत्र:
याला शेतकऱ्याच्या ओळखीची गोष्ट आहे. भोगवटादार वर्ग दोनची जमीन. मालक कोणीही होवो, सातबाऱ्यावरची अट जमिनीबरोबर पुढे चालत जाते. कॉपीलेफ्टची अट अशीच आराखड्याला चिकटून जाते, फरक इतकाच की तिथे विकायला परवानगी मागावी लागते आणि इथे विकायला पूर्ण मोकळीक आहे, फक्त आराखडा लपवायचा नाही. म्हणून मी 'चालती अट' म्हणेन.

हार्डवेअरसाठी खास लिहिलेला करार पाहिजे तर सर्नचा बघा, जिनिव्हाजवळची तीच कणभौतिकीची प्रयोगशाळा, त्यांनी पहिला २०११मध्ये काढला आणि २०२०मध्ये दुसरी आवृत्ती आणली, तिचे तीन प्रकार आहेत. एस म्हणजे कडक चालती अट, डब्ल्यू म्हणजे सौम्य, तुमच्या भागापुरती, त्याला जोडलेलं दुसऱ्याचं काम बंद राहिलं तरी चालतं. पी म्हणजे चालती अट नाहीच, मूळ सूचना आणि तुमचं नाव ठेवा, बाकी काय करायचं ते करा. आणि बाजारात कोणालाही मिळणारा तयार भाग, जसं ईएसपी३२ या वायफायवाल्या चिपचं मॉड्यूल, त्याच्या आतला नकाशा तुम्ही द्यायची गरज नाही.

सर्किटवाला:
माझ्यासाठी एस. कोणी सुधारणा केली तर ती परत शेतकऱ्यापर्यंत पोचली पाहिजे, विकणारा कोणीही असो. प्रोग्रामला जीपीएल, म्हणजे सॉफ्टवेअरसाठीचा चालत्या अटीचा करार, तिसरी आवृत्ती, माहितीपत्रकाला क्रिएटिव्ह कॉमन्सचा (लेख-चित्रांसाठीचा) 'नाव द्या आणि तसंच वाटा' वाला करार. तीन कागद झाले पण प्रत्येकाचं काम वेगळं आहे हे आता कळलं.

छपाईची अडचण सांगतो. बोर्डाच्या मागे पांढऱ्या अक्षरांना जागा बोटभर. पीसीबी रेखाटायच्या कायकॅड प्रोग्रामच्या सातव्या आवृत्तीपासून देवनागरी फॉन्ट थेट टाकता येतो, पण पीसीबीवाले साधारण एक मिलिमीटर उंचीच्या अक्षरापर्यंत नीट छापून देतात आणि ते हिशोब रोमन अक्षराचे. त्या उंचीत 'मुक्त' मधला क्त भरून जाऊन नुसता पांढरा ठिपका उरतो, वरच्या मात्रा शिरोरेषेला चिकटतात. दोन मिलिमीटरला वाचता येतं. म्हणजे तीन-चार शब्दच बसतील, आणि जोडाक्षर जितकं कमी तितकं बरं.

बर्डीकर:
'आराखडा खुला आहे' लिहा ना. एकही जोडाक्षर नाही पाहा त्यात.

शब्दसखी:
वा! आणि खाली फायली कुठे मिळतात तो पत्ता.

कागदपत्र:
पत्ता तर लागेलच, सर्नच्या दुसऱ्या आवृत्तीत आराखडा कुठे मिळेल हे सांगणं अपेक्षितच आहे. कराराचं नाव आणि आवृत्तीही छापा. पत्रकात मग सविस्तर असं लिहा: "या बोर्डाची किंमत आहे, आराखड्याची नाही. आराखडा कोणीही पाहू शकतो, बदलू शकतो, त्यावरून बोर्ड बनवून विकू शकतो, दुरुस्तीचे पैसे घेऊ शकतो. बदल करून पुढे दिल्यास बदललेला आराखडाही याच अटींवर खुला ठेवावा. बोर्डाचे नाव व चिन्ह मात्र वापरू नये. ही माहिती सोयीसाठी मराठीत दिली आहे, बंधनकारक मजकूर मूळ इंग्रजी कराराचा." शेवटचं वाक्य गाळू नका, भांडण झालं तर तेच कामी येईल.

सर्किटवाला:
'किंमत बोर्डाची आहे, आराखड्याची नाही' असा क्रम केला तर? काकांच्या प्रश्नाचं उत्तर पहिल्याच दोन शब्दांत येईल. आणि 'वापरू नये' च्या जागी 'आमच्याकडेच राहील' लिहितो, मनाईपेक्षा ते बरं वाटतं.

कागदपत्र:
क्रम बदला, चालेल. 'आमच्याकडेच राहील' नको, त्यात दुसऱ्याने काय करायचं नाही ते येत नाही. 'वापरू नये'च ठेवा.