मदत हवी आहे: न्यू यॉर्क पब्लिक लायब्ररीतली संशोधकांची अभ्यासिका

नमस्कार. मॅनहॅटनमध्ये ४२व्या रस्त्यावरच्या मुख्य इमारतीत संशोधकांसाठी वर्थाइम स्टडी नावाची अभ्यासिका आहे. तिथे कोणी काम केलंय का?

माझा विषय १८९६ची मुंबईतली प्लेगची साथ. लायब्ररीचं कार्ड आहे, रोझ रीडिंग रूममध्ये बसूनही पाहिलं (छत इतकं देखणं की पहिला अर्धा तास वरच बघत होते!). अडचण अशी की संशोधन विभागातली पुस्तकं घरी नेता येत नाहीत, काही तर प्रिन्स्टनच्या गोदामातून आधी मागवावी लागतात. मी राहते न्यू जर्सीत, नोकरीमुळे फक्त शनिवारी जमतं. स्कॅन मागवून बघितले, पण त्यात एखादं प्रकरण मिळतं, अख्खा अहवाल नाही. ऑनलाइन आहे तेवढं वाचून झालंय.

कुठल्याही विद्यापीठाशी माझा संबंध नाही, प्रकाशकाशी करारही नाही. या अभ्यासिकेत जागा मिळण्यासाठीच्या अर्जात नुसता विषय आणि हव्या असलेल्या पुस्तकांची यादी दिली तर चालतं का? आणि मुख्य म्हणजे, तिथल्या कप्प्यात आपल्या नावावर ठेवलेली पुस्तकं मधले सहा दिवस मी फिरकलेच नाही तरी तशीच राहतात, की परत जातात?