बाग हवी, बागकाम नको: तुमचे अनुभव लिहा

हिरवळ आवडते, पण माती उकरणं, तण उपटणं, रोज झारी घेऊन फिरणं नको, अशी पुण्यात बरीच मंडळी आहेत. मीही त्यातलीच. फारसं काही न करता तुमच्याकडे काय तगलं ते लिहा. हौशी बागवाल्यांनी रागावू नये. प्लास्टिकची झाडं बाद.

कोथरूड, पश्चिमेची गॅलरी
एप्रिल-मेमध्ये दुपारी फरशीवर पाय ठेववत नाही. तिथे बोगनवेल रंगून जाते. पाणी जास्त झालं की नुसती पानं. माती सुकू दिली की बहर. काटे मात्र बेकार, साड्या लांब वाळत घाला.

धायरी, घरापुढे थोडी जमीन
आधी लॉन होतं. उन्हाळ्यात टँकर मागवायचा आणि ते पाणी गवताला पाजायचं? काढून टाकलं. आता तिथे वीतभर पालापाचोळा असतो. शेजारी आंब्याचा पाला जाळायला निघाले होते, ती पोती मीच उचलून आणली. पाल्याखाली ऊन पोचत नाही, त्यामुळे तण फारसं उगवत नाही आणि ओलही टिकते. बोट घालून बघा, वर कुरकुरीत आणि खाली गार. पावसाळ्यात तोच कुजून खत होतो. फक्त खोडाला चिकटवू नका, बुंधा सडतो. घराच्या भिंतीपासूनही लांब ठेवा, नाहीतर वाळवीला आमंत्रण.
लावलंय काय? कढीपत्ता, अडुळसा, पारिजातक, गवती चहा. जूनचा पाऊस जमिनीत मुरला की लावायचं, सप्टेंबरपर्यंत मुळं धरतात. पहिला उन्हाळा तेवढा पाणी द्यावं लागतं. गवती चहाचा गड्डा फार फोफावला की फोडून वाटायचा, एवढंच वर्षानुवर्षांचं काम.

सदाशिव पेठ
सदाफुली. लावावीही लागत नाही. एका कुंडीतून बी पडून गच्चीच्या फटीत, पन्हाळीत, जिन्यात, सगळीकडे आपली आपण उगवते.

औंध, कामानिमित्त कायम बाहेरगावी
कोरफड आणि स्नेक प्लांट. दोन्ही उपाशी राहतात, पण लाड सोसत नाहीत. सासूबाई मायेने रोज तांब्याभर पाणी घालायच्या, स्नेक प्लांट बुडातून पिचकलं. नव्या कुंडीवर पाटी लावली आहे: ‘पाणी पिऊन झालेले आहे. आग्रह करू नये.’

हडपसर
जास्वंदीला ‘काही करावं लागत नाही’ म्हणून गळ्यात मारतात. कळ्यांवर कापसासारखी पांढरी कीड बसली की कळेल!

कोथरूड
कडुनिंबाचं तेल, थोडं साबणाचं पाणी, दर आठवड्याला फवारा.

हडपसर
दर आठवड्याला? मग ही चर्चा कशावर आहे?

सदाशिव पेठ
धायरीकर, गवती चहाचा एक गड्डा मिळेल का? न्यायला मी येते, खणायचं तुम्ही.